बागेतल्या होडीचं पापलेट

कमळ धाकू कोळी हिला एकच व्यसन होतं, आणि ते तंबाखूचं नव्हतं. तिला विचारायचं व्यसन होतं. मढच्या कोळीवाड्यात कुणाच्या दारात नवी चप्पल दिसली, तर ‘कुणाची, कुठून आणली, केवढ्याला’ हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. बंगल्यांवर शूटिंग लागलं की बाकीच्या बाया नटनट्यांबरोबर फोटो काढायला धावत. कमळने मात्र एका मालिकेतल्या नुकत्याच मेलेल्या सासऱ्याला, तो चहा पीत असताना गाठून विचारलं होतं, “दादा, मरायचे पैसे जास्त मिळतात की जगायचे?” सासऱ्याने खरं उत्तर दिलं. तिला लोक खरी उत्तरं देत, कारण तिच्या प्रश्नात खवचटपणा नसे, नुसती भूक असे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला टेबलावर आडवं केल्यावर तिने डॉक्टरला विचारलं, “जुनं भिंग काढून तुम्ही त्याचं करता काय?” डॉक्टर हातातलं काम थांबवून स्वतःच विचारात पडले.

तिचा नवरा धाकू म्हणे, “देवाने हिला दोन कान दिले ते उत्तरं ऐकायला. तरी कमीच पडतात.”

धाकूची स्वतःची होडी होती, ‘मोतीसागर’. चोवीस वर्षं त्याने तिच्यावर काढली. मग गुडघे गेले. दोन्ही एकदम, जणू आपसात ठरवून. होडीवर चढताना ते असे वाजू लागले की मासळी आवाजानेच पळून जाईल, असं त्याचे दोस्त म्हणायचे. शेवटी होडी विकावी लागली, आणि गिऱ्हाईक मिळालं ते एरंगळच्या एका बंगलेवाल्याचं. त्याचा बंगला शूटिंगला भाड्याने जाई आणि त्याला बागेत शोभेला होडी हवी होती. त्याने तिला एका बाजूने पोपटी आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी रंग लावला, म्हणजे एकाच होडीत दोन जाहिराती भागतात. तेव्हापासून टीव्हीवर कुणी हिरोईन होडीला टेकून रडायला लागली की कमळ आतून धाकूला हाक मारी, “अवो, या लवकर. आपली होडी आली.” हिरोईन का रडते, याची दोघांनाही फिकीर नसे. होडीचा रंग कुठे उडालाय का, एवढंच ते बघत.

धाकूलाही धंदा सापडला होता. शूटिंगवाल्यांना तो जाळी विके. त्यांना फाटकी जाळी हवी असत. आयुष्यभर जाळी शिवलेला माणूस उतारवयात दारात बसून, कात्रीने, मन लावून जाळी फाडत असे.

आणि कमळ चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत ‘निळाई मरीन’ नावाच्या कंपनीत लागली. कंपनी मासळी घेऊन, गोठवून, खोक्यांत भरून परदेशी पाठवी. ‘मोतीसागर’ची मासळीही पूर्वी तिथेच जाई. कमळ आधी मासळी निवडायला बसायची. अकरा वर्षांत ती आवक बघणारी मुख्य बाई झाली. म्हणजे माल आला की कोणत्या होडीचा, कुठल्या जातीचा, किती वजनाचा, हे पावतीवर लिहून सही करायची. पापलेट हातात घेऊन ते कालचं की परवाचं, हे ती डोळे मिटून सांगे. परवाचं असलं तर आणणाऱ्याच्या घरचीही विचारपूस करी. मात्र अकरा वर्षं ती कंत्राटावरच होती. कायम झाली असती तर कंपनीचं दवाखान्याचं कार्ड मिळालं असतं, आणि त्या कार्डावर मालाडच्या चांगल्या हॉस्पिटलात धाकूचे दोन्ही गुडघे बदलून मिळाले असते. कमळला आयुष्यात हवं असलेलं असं एवढंच होतं. बाकी सगळं तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं.

कंपनीचे हिशेब निमेश बघे. पस्तिशीचा, मुलुंडचा, स्वभावाने गोड आणि पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. नऊ वर्षं तो मासळीच्या कंपनीत नोकरी करत होता आणि नऊ वर्षं खिशात कापराची पुडी बाळगत होता. सुरमई, रावस, घोळ हे त्याच्यासाठी कॉम्प्युटरमधले शब्द होते. त्याने कधी मासा उलटा करून पाहिला नव्हता. काटकसरीचा मात्र भारी नाद. एका बाजूने छापलेले कागद तो फेकू देत नसे. त्यांचा गठ्ठा बांधून खाली कमळकडे पाठवी, पाठकोऱ्या बाजूला कच्चं लिहायला.

कच्चं लिहायला कुणाला वेळ होता? बाया ते कागद जेवताना खाली अंथरत. आणि कमळ अंथरलेलंही वाचत असे.

ऑगस्टातल्या एका दुपारी तिने भाकरी आणि सुकटीची चटणी कागदावर मांडली. चटणी थोडी कडेला सरकवली, आणि तिचा घास हातातच राहिला. कागदावर छापलं होतं: मोतीसागर. पुढे होडीचा नंबर. पुढे पापलेट, चार टन दोनशे किलो.

तिला आधी अभिमानच वाटला. मग वाटलं, नंबरासकट आपलीच की. आणि मग तो प्रश्न आला, जो पुढे बऱ्याच मोठ्या माणसांना झोप लागू देणार नव्हता: आपली होडी समुद्रात नेतंय कोण?

संध्याकाळी ती बसमधून एरंगळला दोन स्टॉप आधीच उतरली. बंगल्याचा राखणदार रामनाथ फाटकावर बसून मोबाइलवर रील बघत होता.

“रामनाथ, होडी आत हाय ना रे?”

“मग कुठे जाणार? पाय फुटले की काय तिला?”

“तेच बघायचंय.”

होडी जागेवरच होती. अंगावर प्लास्टिकची वेल आणि शेजारी कुणीतरी विसरलेला प्लास्टिकचा बगळा. कमळ वाकून खाली गेली. तळाची फळी कुजून भोक पडलं होतं आणि त्या भोकातून एक जास्वंद होडीच्या आत उगवून, काठावरून डोकं बाहेर काढून उभी होती. दोन लाल फुलंही आली होती. कमळने तळाला हात लावला, बोटं हुंगली. मातीचा वास. खाऱ्या पाण्याचा मागमूस नव्हता.

“काय शोधतेस, मावशी?” रामनाथने विचारलं.

“चार टन पापलेट,” कमळ म्हणाली आणि साडी झटकून निघाली.

घरी धाकू दारात जाळं फाडत बसला होता. त्याने कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला.

“चार टन? गो, आपली मोतीसागर दीड टनाला पाणी प्यायला लागायची.”

“आता खातेपिते. तुमच्याकडनं सुटली ना.”

“मी होतो तेव्हा कधी एवढं पापलेट दिलं नाय तिने.” धाकूला खरंच थोडा राग आला होता. मग त्याची नजर कडेच्या तारखेवर गेली आणि कात्री खाली ठेवली गेली. “कमळे, ही तारीख बघितलीस? चौदा जुलै.”

कमळने बघितली नव्हती. तारखेवर चटणी होती.

जून आणि जुलै म्हणजे बंदी. मासळी अंडी घालते, सरकार मनाई करतं, आणि सरकारच्या आधीपासून कोळीही करतात. साऱ्या होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झोपलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत पाण्यात उतरणाऱ्या माणसाला दंड होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे वाड्यात त्याच्याकडे कुणी चहाला जात नाही. हे मढच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मुलुंडच्या शाकाहारी माणसाला ते कुठून कळावं?

पुढचे चार दिवस कमळने जेवताना दुसरं काही केलं नाही. बाया म्हणत, “कमळमावशी, भाकरी खा, कागद काय खातेस?” ती वाचत राहिली. एका पानावर वेसाव्याची एक होडी सापडली, जी सात वर्षांपूर्वी फुटून तिची फळकुटं चुलीत गेली होती. दुसरीचा मालक वारला होता, तरी जुलैत त्याने घोळ मारली होती. आणि सगळ्या आवकेखाली छापलेलं होतं: तपासले, कमळ कोळी. जिने यातलं एक खवलंसुद्धा बघितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी ती सरळ वर ऑफिसात गेली.

“निमेश, मोतीसागर कोण नेतो रे समुद्रात?”

निमेशने कापराची पुडी काढली. “कुठली मोतीसागर?”

“जिच्यात जास्वंद उगवलीय ती.”

निमेश खोटं बोलण्यात अगदी कच्चा होता. खोटं लिहिण्यातच त्याचा हात होता. त्याने दार लावून घेतलं.

“मावशी, तो नुसता कागद आहे. तीन वर्षांपूर्वी शेठ म्हणाले खरेदी जास्त दाखव. बँक कोल्ड रूममधल्या मालावर कर्ज देते. माल जास्त दिसला की कर्ज जास्त.”

“आनि होडीची नावं?”

“नंबर खरे लागतात हो. म्हणून तुमच्याच जुन्या फायलीतून घेतले.” तो बिचारा कळवळून म्हणाला, “होड्या रिटायर होतात हे मला काय माहीत? मला वाटलं, एकदा होडी घेतली की असते.”

“आनि जुलैत?”

“जुलैत काय?”

कमळने कपाळाला हात लावला. “जाऊ दे. मला हे सांग, एवढी मासळी खाल्ली कोणी?”

“म्हणजे?”

“अरे, आली म्हणून लिहिलंस. थोडी कोल्ड रूममध्ये हाय म्हणतोस. बाकीची गेली ना परदेशात? तिकडे कुणीतरी ताटात घेतली असेल. ती कोणी खाल्ली?”

हा प्रश्न निमेशला तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याने स्वतःही स्वतःला विचारला नव्हता.

मग त्याने खण उघडून एक पत्र काढलं. छान जाड कागदावरचं. कमळ धाकू कोळी यांना कायम करण्यात येत आहे. खाली शेठच्या सहीची जागा रिकामी होती.

“सोमवारी बँकेच्या ऑडिटर येतायत, माल मोजायला. तुम्ही फक्त त्यांच्या तक्त्यावर सही करायची, की वर्षाची सगळी आवक मी तपासली. संध्याकाळी शेठ यावर सही करतील. धाकूकाकांच्या गुडघ्यांचं होऊन जाईल.” त्याचा आवाज खाली आला. “आणि मावशी, खरं सांगतो, उलट झालं तर पहिलं नाव तुमचं आहे. प्रत्येक पावतीवर.”

रविवारी सकाळी धाकू दारात बसला होता. त्या दिवशी त्याने जाळं हातात घेतलं नव्हतं.

“सही केलीस तर?”

“तुमचे गुडघे होतील.”

“नाय केलीस तर?”

“नोकरी जाईल. पोलीसबी येतील कदाचित.”

धाकूने गुडघा वाकवला. तो वाजला. दुसराही वाजला, मागे राहायला नको म्हणून.

“आनि तुला काय पायजे?”

कमळने जे सांगितलं, ते तिलाही लाजिरवाणं वाटत होतं. “मला ना, त्या मागच्या खोक्यांत काय हाय ते बघायचंय.”

“काय?”

“कोल्ड रूममध्ये पुढच्या रांगा आपल्या मालाच्या. मागच्या रांगा रविवारी लागतात, आमची सुट्टी असते तेव्हा. परवा आत गेले होते तर बघितलं. पुढच्या पुठ्ठ्यांना डाग हायत. मासळीचं पाणी झिरपतं, डाग पडतोच. मागचे पुठ्ठे धुतल्यासारखे कोरे. मासळी नाय तर नाय, पण रिकामे खोके उचलताना कळतात. ते जड हायत. मग आत हाय काय?”

धाकू इतका हसला की शेजारचा कुत्रा उठून गेला. “म्हणजे मी गुडघ्यांचा विचार करतोय, ही खोक्याचा. अगो, तू सही केलीस ना, तर मला नवीन गुडघे मिळतील आनि झोप जाईल. जन्मभर उशाला बसून विचारशील, खोक्यात काय असेल, अवो, खोक्यात काय असेल.”

मग हसणं ओसरलं. “चोवीस वर्षांत बंदीत पाय नाय ठेवला मी तिच्यावर. एकदाबी नाय. आनि यांनी तिला जुलैत पाठवली.” एवढं बोलून तो उठला. उठायला त्याला चार झटके लागले, पण कमळने हात दिला नाही, कारण तो घेणार नव्हता.

सोमवारी ऑडिटर आल्या. रुचिरा त्यांचं नाव, तिशीच्या, चष्मेवाल्या. कोल्ड रूम उणे अठरा डिग्रीची. कंपनीने त्यांना दिलेला कोट एका सहा फुटी माणसाचा होता. त्यामुळे त्या मोजायला आलेल्या ऑडिटर कमी आणि गोठवायला आणलेला माल जास्त दिसत होत्या. त्यांनी पुढचे तीन खोके उघडायला लावले. तिन्हींत पापलेट, सुंदर, रुपेरी. मग उंची गुणिले रुंदी गुणिले खोली असा हिशेब करत त्या दात वाजवत बाहेर आल्या. निमेशने तक्ता पुढे केला.

“आवक तुम्ही बघता ना? इथे सही करा, मावशी,” रुचिरा म्हणाल्या.

कमळने पेन घेतलं. निमेशच्या हातात ते जाड पत्र होतं, ती बघेल असं धरलेलं. तिने ते बघितलं. धाकू न वाजता जिना चढतोय, असंही तिला क्षणभर दिसलं. आणि तिच्या तोंडून, छप्पन्न वर्षांच्या सवयीने, ते शब्द निघाले.

“मॅडम, एक विचारू?”

निमेशने डोळे मिटून घेतले.

“विचारा ना.”

“तुम्ही पुढचेच खोके का उघडले? मागचे का नाय?”

रुचिरा थोड्या ओशाळल्या. “तिथपर्यंत जायला वाट नाहीये. आणि थंडी.”

“वाट मी करते. तुम्ही कोट घट्ट धरा.”

कमळ आणि दोन बायांनी दहा मिनिटांत रांग फोडली. मागचा एक कोरा खोका कमळने स्वतः बाहेर ओढला, धप्पकन खाली ठेवला आणि पट्टी फाडली. आत बर्फ होता. नितळ, चौकोनी, वजनाला अगदी बरोबर. कुणीतरी मेहनतीने पाणी गोठवून त्याला पापलेटाचा दर्जा दिला होता. पुढच्या खोक्यात बर्फ. त्यापुढच्यातही बर्फ.

“अच्छा,” कमळ म्हणाली. तीन दिवसांचं तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिला कळलं होतं. मग तिने पेन परत केलं. “सही नाय करत मी. यातली निम्मी आवक मी बघितलेलीच नाय. आनि मॅडम, तुम्हाला होडी बघायचीय का? दोन बस बदलायला लागतात.”

रुचिरांनी टॅक्सी केली. कमळने वाटेत त्यांना विचारलं की ऑडिटरला खोटं पकडल्याचं बक्षीस मिळतं का, लग्न झालंय का, आणि कोल्ड रूममधून बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ का धरते. रुचिरांनी तिन्हींची खरी उत्तरं दिली.

त्या होडीसमोर उभ्या राहिल्या, गुलाबी बाजूने. हातातल्या यादीवरचा नंबर आणि होडीवरचा नंबर दोनदा ताडून पाहिला. मग वाकून जास्वंद बघितली आणि फोन काढला. लगेच रामनाथ पुढे आला.

“फोटो काढायचा असेल तर मालकांचं भाडं द्यावं लागेल, मॅडम. अर्धा दिवस की पूर्ण?”

“हे शूटिंग नाहीये. पुरावा आहे.”

“पुराव्याचा रेट मला विचारावा लागेल,” रामनाथ म्हणाला.

त्यानंतर गोष्टी आपापल्या संथ गतीने होत गेल्या. बँकेने दार सील केलं, शेठ छातीत दुखतंय म्हणून दाखल झाले, चौकशी बसली. पावत्यांवर कमळचं नाव होतं म्हणून तिलाही तीन वेळा बोलावणं आलं. पहिल्या खेपेला ती घाबरून गेली. दुसऱ्या खेपेला डबा घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला चौकशी अधिकाऱ्यांनी शिपायाला सांगून ठेवलं की बाई जबाब देऊन झाल्यावर त्यांना लगेच रिक्षात बसवा, कारण मागच्या वेळी त्या प्रश्न विचारत अर्धा तास थांबल्या होत्या. निमेशने सगळं खरं लिहून दिलं. हे त्याला जमलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. मासळी खाल्ली कोणी, हा कमळचा प्रश्न रुचिरांनी अहवालात जसाच्या तसा घातला. त्याचा माग काढता काढता कागदोपत्री दुबईची असलेली बडी खरेदीदार कंपनी घाटकोपरला एका साडीला फॉल लावणाऱ्या दुकानाच्या माळ्यावर सापडली. तिथे एक टेबल होतं आणि एक पंखा. मासळी तिथेही कुणी खाल्ली नव्हती.

कंपनी बंद झाली. कमळबरोबरच्या चाळीस बायाही घरी बसल्या, आणि त्यांतल्या काही महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. कमळला त्याचं फार लागलं. त्यांचा राग चुकीचा आहे, असं ती कधी म्हणाली नाही. आता ती चारकोपच्या बाजारात पाटी घेऊन बसते. शेजारी त्यांतल्याच दोघी बसतात आणि गिऱ्हाईक तिच्यापासून तोडतात, म्हणजे समेट झालाय. निमेश कधीतरी येतो. नोकरी शोधतोय. मासळी घेत नाही, पण उभा राहून एकेका माशाचं नाव विचारतो, आणि कमळ त्याला पापलेट उलटंसुलटं करून दाखवते. परवा त्याने कापूर न हुंगता बोंबील ओळखला.

ते जाड पत्र सहीविना राहिलं. धाकूचं नाव पालिकेच्या हॉस्पिटलात लागलं. वर्षभराची रांग होती. कमळ दर पंधरवड्याला खिडकीवर जाऊन विचारायची. रांग कशी लागते, मधला माणूस वारला तर नंबर पुढे सरकतो का, सरकवतो कोण, वही कुठली. नवव्या महिन्यात खिडकीवरच्या बाबूने एक रद्द झालेली तारीख शोधून तिच्या हातात ठेवली आणि हात जोडले.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी तरुण डॉक्टर खाटेजवळ आला. उजव्या गुडघ्यावर पेनाने खूण केली, डावा सहा महिन्यांनी करू म्हणाला, कागदावर धाकूची सही घेतली. मग जाता जाता, शिकवल्याप्रमाणे, त्याने नम्रपणे विचारलं, “काही विचारायचंय का तुम्हाला?”

“डॉक्टरसाहेब,” धाकू घाईघाईने म्हणाला, “तसं बोलू नका.”

पण कमळने स्टूल पुढे ओढलं होतं.